मूल थांबतं कुणाच्या भरवशावर?

चार वर्षांच्या मुलासमोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ, गोड गोळी, ठेवा, 'मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील' असं सांगा, खोलीबाहेर जा, आणि हे मूल पुढे आयुष्यात यशस्वी होणार की नाही ते पंधरा मिनिटांत ओळखा. मार्शमेलो टेस्टची ही गोष्ट तुमच्या कानावर कधी ना कधी आली असेलच. मी लहान मुलांची समुपदेशक आहे आणि या गोष्टीने पालकांच्या मनात किती धास्ती पेरली आहे ते सतत बघते. पालक घरी प्रयोग करतात, मोबाइलवर चित्रण करतात आणि ते घेऊन माझ्यासमोर बसतात. 'बघा ना, अर्धं मिनिटसुद्धा दम निघाला नाही याला.' व्हिडिओतलं मूल तोंड भरून हसत असतं आणि सांगणाऱ्याच्या आवाजात मात्र खरीखुरी काळजी असते. एका आईने तर मला विचारलं होतं, 'आता काही करता येईल का, की उशीर झाला?' मूल पाच वर्षांचंही नव्हतं.

म्हणून आज या प्रयोगाबद्दल सविस्तर लिहिते आहे. मूळ प्रयोग फार देखणा आहे, आणि त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते त्यातून निघतच नाही.

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. त्यांचा जन्म १९३० चा, व्हिएन्नातला. नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर १९३८ मध्ये त्यांच्या कुटुंबाने देश सोडला आणि पुढे ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थिरावले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिशेल स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत होते. विद्यापीठाच्या आवारातच बिंग नर्सरी स्कूल ही बालशाळा नुकती सुरू झाली होती. मिशेल यांच्या घरात तीन लहान मुली होत्या. हवी ती वस्तू त्या क्षणी मिळाली नाही तर आकांडतांडव करणारं मूल वर्ष-दोन वर्षांत थांबायला शिकतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. हे घडतं कसं, त्या वेळी मुलाच्या मनात काय चालतं, हा त्यांचा प्रश्न होता. कोणतं मूल थांबतं आणि कोणतं थांबत नाही याची यादी त्यांना करायचीच नव्हती.

आता त्या खोलीत काय व्हायचं ते बघा. लहानशी खोली, टेबल, खुर्ची, टेबलावर घंटी. संशोधक आणि मूल आधी थोडं खेळत. मग संशोधक सांगे, 'मी बाहेर जातो, तू घंटी वाजवलीस की लगेच येईन.' तो बाहेर जाई, मूल घंटी वाजवी, तो आत येई. याची रीतसर उजळणी होई. हा माणूस शब्दाप्रमाणे परत येतो, हे मुलाने स्वतः अनुभवल्यावरच खरा प्रयोग सुरू व्हायचा. ही उजळणी लोकप्रिय लेखांतून आणि व्हिडिओंतून जवळजवळ नेहमी गळालेली असते. माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा पाया तीच आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

खाऊही दर वेळी मार्शमेलोच असे, असं नाही. मिशेल आणि त्यांचे सहकारी एबेसन यांच्या १९७० च्या प्रयोगात बिस्किटं आणि प्रेट्झेल, म्हणजे खारट कुरकुरीत काड्या, होती. मुलाला यातलं जास्त काय आवडतं ते आधी विचारलं जाई. आवडतं हवं असेल तर संशोधक आपणहून परत येईपर्यंत थांबायचं. थांबवत नसेल तर केव्हाही बोलवायचं, पण मग कमी आवडतं मिळणार. एकूण ३२ मुलं होती, साडेतीन ते साडेपाच वर्षांच्या आसपासची. काहींच्या समोर दोन्ही पदार्थ उघडे ठेवले, काहींच्या समोर एकच, आणि काहींच्या समोर काहीच नाही.

संशोधकांचा अंदाज असा होता की बक्षीस डोळ्यांसमोर असेल तर थांबणं सोपं जाईल. पुढे काय मिळणार आहे ते दिसत राहील, म्हणजे धीर टिकेल. घडलं नेमकं उलट. दोन्ही पदार्थ समोर असलेली मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. समोर काहीच नसलेली मुलं सरासरी अकरा मिनिटं थांबली. मुलं तशीच, त्याच शाळेतली, त्याच वयाची. बशी समोर की नजरेआड, एवढ्या एका फरकाने थांबण्याची वेळ दहापटीहून जास्त झाली. मग सांगा, आत्मसंयम होता कुठे? मुलात की बशीत?

पुढचे प्रयोग तर मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. १९७२ मध्ये काही मुलांना सांगितलं, थांबताना मजेच्या गोष्टींचा विचार करा. ही मुलं बक्षीस समोर उघडं असूनही सरासरी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली. ज्यांना दुःखाच्या किंवा त्या खाऊच्याच विचारात ठेवलं, ती लवकर हरली. नंतर मिशेल आणि बेकर यांनी मुलांना मार्शमेलोकडे ढग म्हणून आणि प्रेट्झेलकडे लाकडाचे ओंडके म्हणून बघायला सांगितलं. मुलं जास्त थांबली. 'किती मऊ, किती गोड' असा विचार करायला सांगितलं, तर घंटी लवकर वाजली. आणखी एका प्रयोगात समोरच्या खऱ्या खाऊभोवती मनातल्या मनात एक चौकट काढायची होती, म्हणजे ते चित्र आहे असं समजायचं. तेवढ्याने मुलं सरासरी अठरा मिनिटांच्या आसपास थांबली. एका मुलाने नंतर कारणही दिलं होतं: चित्र खाता येत नाही.

काही मुलांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी डोळ्यांवर हात घेतले, खुर्ची उलटी फिरवली, स्वतःशी गाणी म्हटली, पायांची बोटं मोजली, कुणी झोपायचा प्रयत्न केला. दात-ओठ खाऊन समोर बघत बसणारी मुलं लवकर थकली. संयम म्हणजे मनगटाची ताकद असं आपण धरून चालतो. इथे मात्र टिकली ती मुलं, ज्यांनी लढाईचं मैदानच बदललं. १९९९ मध्ये जॅनेट मेटकाफ आणि मिशेल यांनी याचीच मांडणी 'गरम' आणि 'थंड' अशा दोन यंत्रणांच्या रूपात केली. वस्तूची चव, वास, ओढ ही गरम बाजू. तिचा आकार, रंग, ती कशासारखी दिसते ही थंड बाजू. थंड बाजूने बघायला मूल शिकू शकतं, आणि शिकलं की तेच मूल त्याच खोलीत कितीतरी जास्त वेळ थांबतं. बिंगमधल्या प्रयोगांचा खरा निष्कर्ष हा आहे.

मग भविष्यवाणीची गोष्ट आली कुठून? बिंगमध्ये शिकलेल्या आपल्या मुली मोठ्या होत असताना मिशेल घरी सहज त्यांच्या जुन्या वर्गमित्रांची चौकशी करत. कोण कसं आहे, अभ्यासात कसं चाललंय. उत्तरं ऐकताना त्यांना थांबण्याच्या वेळेशी काही नातं असल्यासारखं वाटलं, आणि रीतसर पाठपुरावा सुरू झाला. १९८८ आणि १९९० मध्ये युइची शोडा, फिलिप पीक आणि मिशेल यांचे निबंध आले. जास्त थांबलेली मुलं किशोरवयात एकाग्रतेत आणि ताण सहन करण्यात पुढे असल्याचं त्यांच्या पालकांनी सांगितलं होतं. महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेतल्या गुणांशीही चांगला सहसंबंध दिसला: भाषेशी ०.४२, गणिताशी ०.५७ (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं).

हे आकडे जगभर गेले. त्यांच्यासोबत जायला हवी होती ती माहिती मागे राहिली. हा सहसंबंध आला होता फक्त ३५ मुलांच्या गटातून. खाऊ समोर उघडा होता आणि काय विचार करायचा हे ज्यांना सांगितलं नव्हतं, असा तो गट. बाकीच्या परिस्थितींत असं नातं दिसलं नाही. सगळी मुलं एका नामांकित विद्यापीठाच्या आवारातल्या शाळेतली. नमुना लहान आहे, आकडे जपून वापरा, असं लेखकांनी त्या निबंधातच लिहिलं आहे. तो इशारा पालकांपर्यंत पोहोचला नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हेच तपासलं. ही मुलं कितीतरी वेगवेगळ्या आर्थिक थरांतली होती. त्यातही ज्यांच्या आईला महाविद्यालयीन पदवी मिळालेली नव्हती अशा मुलांवर त्यांनी मुख्य भर दिला. चौथ्या वर्षी थांबण्याचा पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातल्या यशाशी संबंध दिसला, पण मूळ निबंधातल्या संबंधाच्या साधारण निम्मा. घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक क्षमता हे सगळं हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळून पडला. २०२० मध्ये खुद्द बिंगच्या मुलांचा, ती चाळिशी ओलांडल्यावरचा अभ्यास आला. मिशेल २०१८ मध्ये गेले, तरी त्यात लेखक म्हणून त्यांचंही नाव आहे. बालपणी थांबलेली मिनिटं एवढ्या एका गोष्टीवरून मध्यमवयातली सांपत्तिक स्थिती सांगता येत नाही, असं त्यातून पुढे आलं. २०२४ मध्ये आणखी एका मोठ्या पाहणीनेही मार्शमेलो टेस्ट प्रौढ आयुष्याचा विश्वासार्ह अंदाज देत नाही असाच निष्कर्ष काढला.

यावरून 'आत्मसंयम वगैरे सगळं झूठ' असं म्हणणारेही भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यावर लिहिलं: बालपणातला आत्मसंयम जितका जास्त, तितकी बत्तिसाव्या वर्षी तब्येत आणि पैशांची स्थिती चांगली, आणि गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण कमी. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती वेगळी काढूनही हे नातं टिकलं. पण तिथे मोजलं कसं ते बघा. तीन वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा, पालकांकडून, शिक्षकांकडून, प्रत्यक्ष निरीक्षणातून, आणि थोडं मोठं झाल्यावर खुद्द मुलांकडूनही. अनेक वर्षांचं, अनेक डोळ्यांनी पाहिलेलं मूल एकीकडे, आणि बशीसमोरची एक दुपार दुसरीकडे. माझ्यासमोर जो व्हिडिओ येतो तो त्या एका दुपारचा असतो, आणि तोही बहुधा मूल भुकेलेलं किंवा दमलेलं असताना काढलेला.

आता त्या घंटीच्या उजळणीकडे येते.

सेलेस्ट किड या संशोधिकेने विद्यार्थिदशेत बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम केलं होतं. तिथल्या मुलांसमोर मार्शमेलो ठेवला तर ती थांबतील का, असा विचार तिच्या मनात यायचा. तिला वाटायचं, सगळी लगेच खातील. जिथे हातातली वस्तू केव्हाही कुणी घेऊन जाऊ शकतं, तिथे ती आत्ता खाणं हाच शहाणपणा. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून तिने, हॉली पाल्मेरी आणि रिचर्ड अ‍ॅस्लिन यांनी या विचाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. २८ मुलं, दोन गट. आधी चित्रकलेचा खेळ. मुलाला जुने, झिजलेले खडू देऊन संशोधक म्हणे, थांबलास तर छान नवे आणते. एका गटात ती खरंच नवे घेऊन येई. दुसऱ्या गटात रिकाम्या हाताने येऊन म्हणे, माफ कर, ते नाहीत आपल्याकडे. मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच. त्यानंतर मार्शमेलो.

शब्द पाळला गेलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला गेलेल्या गटातली सरासरी तीन मिनिटं. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, दुसऱ्या गटातल्या १४ पैकी फक्त एका मुलाने. खडू आणि स्टिकर, एवढाच अनुभव पुरला. मग वर्षानुवर्षं 'रविवारी नक्की', 'हे काम संपलं की लगेच', 'पुढच्या वेळी घेऊ' हे ऐकत आलेल्या मुलाने समोरचं पटकन उचललं, तर त्याच्यात काय खोट काढायची? त्याने हिशेब बरोबर केलेला आहे.

मिशेल यांना हे आधीच दिसलं होतं. बिंगच्या बरीच वर्षं आधी, १९५८ मध्ये, त्रिनिदादमधल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता: आज छोटी गोळी की काही दिवसांनी मोठी? ज्या मुलांचे वडील घरी राहत नव्हते त्यांचा कल आजच्या गोळीकडे जास्त होता. शब्द देऊन तो पाळणारा पुरुष ज्याने पाहिलेला नाही, त्याने एका अनोळखी पुरुषाच्या शब्दावर का थांबावं, असा अर्थ मिशेल यांनी लावला. बिंगमधली घंटीची उजळणी मला त्याच विचारातून आलेली वाटते.

व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात मिशेल यांचं नाव खरं गाजलं ते १९६८ च्या पुस्तकाने. माणसावर 'प्रामाणिक', 'आक्रमक', 'संयमी' अशी चिठ्ठी चिकटवून एखाद्या प्रसंगात तो कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही, असं त्यांनी आकडेवारीनिशी मांडलं आणि क्षेत्रात अनेक वर्षं वाद पेटला. माणसात सातत्य नसतंच, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सातत्य असतं ते 'असं झालं तर तो असा वागतो' या जोडीत. शोडा, मिशेल आणि जॅक राइट यांनी एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं तासन् तास निरीक्षण करून १९९४ मध्ये हे दाखवून दिलं. एक मूल मोठ्यांनी दटावलं की उसळतं, पण बरोबरीच्याने चिडवलं तर शांत राहतं. दुसऱ्याचं नेमकं उलट. एकूण आक्रमकता सारखी भरली तरी मुलं दोन वेगळीच.

माझ्या कामाला या 'असं झालं तर तसं' जोडीने जेवढी मदत केली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. खेळात स्वतःची पाळी येईपर्यंत पाच सेकंद न थांबणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. तोच मुलगा कोड्याचा हरवलेला तुकडा शोधत अर्धा तास जमिनीवर मान खाली घालून बसायचा. त्याला संयम नाही म्हणायचं की आहे? मी त्याच्या आईबरोबर बसून, कुठे थांबतो आणि कुठे नाही, याचे दोन रकाने भरले. 'कुठे नाही' या रकान्यातल्या जवळपास सगळ्या जागी त्याला दुसऱ्या कुणावर तरी विसंबून राहावं लागत होतं. २०२२ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या मुलांची तुलना आली तेव्हा मला हाच मुलगा आठवला. जपानी मुलं खाण्यासाठी जास्त थांबली, अमेरिकी मुलं वेष्टनातली भेट उघडण्यासाठी. ज्या गोष्टीसाठी थांबायची घरात सवय, तिथे थांबणं जमलं.

आणि एका प्रकारच्या मुलाबद्दल कुणीच व्हिडिओ घेऊन येत नाही. ते मूल घंटी वाजवतच नाही. सांगितलं की थांबतं, कितीही वेळ. मागत नाही, रडत नाही, हट्ट करत नाही. घरी येणारे-जाणारे त्याचं कौतुक करतात. जॅक आणि जीन ब्लॉक या दांपत्याने कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: माणूस स्वतःला किती आवरतो, आणि प्रसंग बघून तो लगाम घट्ट किंवा सैल करू शकतो का. कमी आवरणं जसं अडचणीचं, तसंच गरजेपेक्षा जास्त आवरणंही. सैल सोडता न येणारं मूल आनंदालाही उशिरा हात लावतं, किंवा लावतच नाही. मला अशा मुलांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांना माझ्याकडे आणतात ते फार उशिरा, पोटदुखी किंवा झोप उडाल्याची तक्रार घेऊन.

पालक विचारतात, मग आम्ही काय करायचं? खाऊ समोर ठेवून सराव करून घेणं बंद करा, हे पहिलं सांगते. थांबायला लावायचंच असेल तर ती वस्तू नजरेआड ठेवा आणि मुलाच्या हाताला दुसरं काही तरी द्या. चार वर्षांच्या मुलाला 'धीर धर' म्हणण्यापेक्षा धीर धरताना काय करायचं ते दाखवलेलं कळतं: गाणं म्हण, पाठ फिरव, हे खोटं-खोटं आहे असं समज. आणि जो शब्द पाळता येणार नाही तो देऊ नका. 'बघू' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणा. मूल रडेल, थोड्या वेळाने शांत होईल. 'हो' म्हणून नंतर विसरलात तर त्याचा हिशेब त्याच्याकडे राहतो. एखाद्या वेळी खरंच जमलं नाही, तर ते आपणहून, मुलाने विचारायच्या आधी सांगा आणि नवा दिवस ठरवा.

पहिल्या भेटीच्या माझ्या अर्जात पूर्वी 'मूल किती वेळ थांबू शकतं?' असा रकाना असे. तो मी काढून टाकला आहे. त्या जागी आता दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं पालकांनी द्यायची आहेत: गेल्या आठवड्यात तुम्ही मुलाला काय काय कबूल केलंत, आणि त्यातलं काय झालं?